वाया गेलेल्या फिल्मचा हिशेब

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगायला बसले की जो तो नाताळापासून सुरुवात करतो. गिरगावात पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र सरकते आहे आणि प्रेक्षकांत बसलेल्या चाळिशीतल्या एका गृहस्थाला त्या जागी राम-कृष्ण दिसू लागले आहेत. प्रसंग खराच आहे, फाळक्यांनी स्वतःच तो लिहून ठेवला आहे. पण त्यातून एक समजूत आपल्याकडे घट्ट रुजली, की सिनेमा हा साक्षात्काराने येतो, तो काही शिकायचा विषय नाही. मला ही गोष्ट त्या नाताळाच्या वीस वर्षे आधी, बडोद्यात सुरू करावीशी वाटते.

१८९० साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी बडोद्यात कलाभवन उघडले. नाव ऐकून चित्रकलेची शाळा वाटेल, पण ती मुख्यतः हुन्नराची शाळा होती. कापड रंगवण्याचे रसायनशास्त्र, यंत्रकाम, सुतारकाम, रेखाचित्र असे विषय तिथे शिकवत. गज्जरांचा आग्रह असा, की कारागिराच्या मुलाला हे सारे त्याच्या भाषेत शिकता आले पाहिजे. आजच्या शब्दांत ज्याला आपण कम्युनिटी कॉलेज म्हणू, त्याचा हा आपल्याकडचा फार जुना पूर्वज. वीस वर्षांचे धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून इथे आले. तैलरंग आणि जलरंग शिकले, मूर्तिकाम आणि वास्तुरचना शिकले आणि छायाचित्रणाच्या नादी लागले ते इथेच. पुढे गज्जरांनीच त्यांना रतलामला धाडले. तिथे तिरंगी ठसे, शिळाछाप आणि काळोख्या खोलीतली छपाई ते शिकून आले.

मग १९१२ च्या फेब्रुवारीत विमा पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ त्यांना हिंडून पाहता आला. एवढ्या थोड्या दिवसांत हा माणूस सिनेमा शिकला कसा, याचे आपण कौतुक करतो. उत्तर साधे आहे. निम्म्याहून अधिक तो आधीच शिकलेला होता. रसायने, काच, प्रकाश, काळोखी खोली हे सगळे बडोदा-रतलामचे देणे. फक्त चित्राला हलवायचे कसे, तेवढे लंडनला पाहायचे होते. परत आल्यावर त्यांनी पहिली कुठली फिल्म केली? राजा हरिश्चंद्र नव्हे. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचे रोप वर येताना रोज थोडे थोडे टिपले. 'अंकुराची वाढ' ही आपल्याकडची पहिली विद्यार्थी-फिल्म म्हणायला हरकत नाही. आणि विषयाची निवड बघा. नट नको, कपडेपट नको, उजेड फुकट, आणि फिल्म लागणार ती अगदी थोडी, कारण रोपटे काही पळत नाही. ती दाखवून त्यांनी भांडवल मिळवले. पुढे ३ मे १९१३ ला कॉरोनेशनमध्ये जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

मला धरून चालायचा आहे तो प्रश्न या वाटाण्याच्या रोपात आहे. कोणतेही काम शिकताना माल वाया जातो. सुताराचा पोर फळ्या बिघडवतो, शिंपिणीकडे शिकणारी मुलगी कापड बिघडवते. या वाया जाणाऱ्या मालाचे पैसे कोण भरतो? धंदा कोणाला शिकता येईल आणि कोणाला नाही, हे बहुतेक वेळा त्यावरच ठरते.

हा प्रश्न ठाण्यात राहणाऱ्याला सहज सुचावा असा आहे. खोपटहून हायवे ओलांडला की वागळे इस्टेट लागते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याची ही पहिली वसाहत. तिथे आयटीआय आहे. फिटरच्या वर्गातला मुलगा सुरुवातीचे कितीतरी दिवस लोखंडाचा तुकडा शिकंज्यात धरून कानशीने घासत असतो. काटकोन साधेपर्यंत घासायचे, सर गुण्या लावून बघणार, फट दिसली की पुन्हा घासायचे. तुकडा वाया गेला तर दुसरा मिळतो. त्या बिघडलेल्या लोखंडाचा खर्च सरकारने शिक्षणाच्या खर्चात आधीच धरलेला असतो. १९५० पासून आयटीआयची योजना चालू आहे, १९६१ ला शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. कॅडबरी, नितीन कंपनी असे ठाण्याच्या नाक्यांना कारखान्यांचे नाव पडले, त्या काळात या गावातली घरेच्या घरे अप्रेंटिसशिपवर उभी राहिली. पण ज्याला कॅमेरा शिकायचा होता त्याला असा फुकटचा तुकडा देणारे कोणी नव्हते.

तुकडा म्हणजे किती, तेही पाहू. पस्तीस मिलीमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात. मूकपटाच्या दिवसांत सेकंदाला साधारण सोळा चित्रे घेत, म्हणजे सेकंदाला एक फूट. बोलपट आला आणि वेग चोवीस चित्रांवर पक्का झाला, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. हजार फुटांचा डबा अकरा मिनिटांत संपतो. सोळा मिलीमीटरची फिल्म स्वस्त पडायची, तिलाही मिनिटाला छत्तीस फूट लागतात. ही कच्ची फिल्म परदेशातून येई. उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना उभा राहीपर्यंत सरसकट आणि त्यानंतरही बरीचशी. दुसऱ्या महायुद्धात तर तिच्यावर नियंत्रण आले. सरकारने चित्रपटाची लांबी अकरा हजार फुटांवर आणून ठेवली, म्हणजे दोन तासांच्या थोडी वर. जिथे पडद्यावर दाखवायच्या फिल्मला कात्री लागली, तिथे नवशिक्याला बिघडवायला कोण देणार?

तरीही माणसे शिकत होती. कशी, ते कोल्हापुरात दिसते. बाबूराव पेंटर, मूळचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री, हे नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यांनी आणि आनंदराव पेंटरांनी कॅमेरा घरीच बनवण्याचा ध्यास घेतला. आनंदराव मध्येच गेले, मग बाबूरावांनी दामल्यांच्या साथीने तो पुरा केला. १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. महाराष्ट्र फिल्म कंपनी नावाचा तो कारखाना हीच त्या काळची शाळा. व्ही. शांताराम तिथे १९२० मध्ये दाखल झाले आणि पडेल ते काम करत वर चढले. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर त्याच आवारात घडले. या चौघांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांना बरोबर घेऊन १ जून १९२९ रोजी प्रभात काढली. चार उमेदवार आणि एक पैसे घालणारा, अशी ती भागीदारी. 'संत तुकाराम' ज्यांच्या नावावर आहे, त्या दामले-फत्तेलालांपैकी कोणीही कोणत्या चित्रपट-शाळेची पायरी चढलेले नव्हते.

ही परंपरा आपल्याला फार प्रिय आहे आणि तिच्याविषयी लिहिताना दिवाळी अंकांत बराच कढ काढला जातो. बिघडलेल्या फिल्मचे पैसे मालक भरत असे, त्या बदल्यात उमेदवार वर्षानुवर्षे राबत असे. सौदा दोघांनाही कळलेला असे. पण दार कोणाला उघडे होते, तेही पाहायला हवे. शांताराम कंपनीत शिरले ते मावसभाऊ बाबूराव पेंढारकर आत होते म्हणून. दाराला कुलूप नव्हते हे खरे, पण आत मावसभाऊ लागे. ज्याचा मावसभाऊ आत नाही, ज्याच्या जातीतल्या कोणाचाच आत शिरकाव नाही, त्याने काय करावे, याचे उत्तर कोल्हापूरजवळ नव्हते. बायकांची तर आणखी वेगळीच तऱ्हा. फाळक्यांच्या घरी रात्री जागून फिल्मला भोके पाडणाऱ्या, रसायने कालवणाऱ्या सरस्वतीबाई या देशातल्या पहिल्या तंत्रज्ञांपैकी एक. त्यांच्या शिकण्याला शाळाही नव्हती आणि कारखान्याचे नावही मिळाले नाही.

स्वातंत्र्यानंतर स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली गेली. १९४९ ची ही समिती, अहवाल १९५१ चा. चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था सरकारने काढावी, असे तिने सुचवले. समितीत स्वतः शांताराम होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जो माणूस मावसभावाच्या ओळखीने आत आला, तोच पुढे ओळखीवाचून आत येण्याची सोय मागत होता. संस्था निघाली १९६० ला, तीही पुण्यात, बंद पडलेल्या प्रभातच्या आवारात. पहिले प्राचार्य गजानन जागीरदार, म्हणजे 'रामशास्त्री'चे दिग्दर्शक आणि त्यातले रामशास्त्रीही. जिथे दामले-फत्तेलाल वावरले त्याच मजल्यांवर आता वेळापत्रक लागले.

फिल्म इन्स्टिट्यूटने एक फार मोठे काम केले. वाया जाणारी फिल्म पहिल्यांदा सरकारी खर्चात धरली गेली. विद्यार्थ्याला मोजून फिल्म मिळायची, तीत त्याने अभ्यासाचे तुकडे करायचे, चुकायचे. रश पडद्यावर पडली की सगळा वर्ग आणि शिक्षक अंधारात बसून ती बघणार. ज्याचा शॉट फसला त्याला खुर्चीत आणखी खाली सरकावे लागणार. आयटीआयमधल्या गुण्याचे काम इथे पडदा करत होता. पण जागा किती? एकेका शाखेला दहा-बारा. त्याही साऱ्या देशासाठी. पुढे पदवी, देशभराची प्रवेशपरीक्षा, मुलाखत असे दारावर दार बसत गेले आणि व्यवहाराची भाषा इंग्रजी राहिली. मावसभाऊ गेला, त्याच्या जागी इंग्रजी आली. कर्जत-कसाऱ्याच्या मुलाच्या दृष्टीने पुणे कोल्हापूरपेक्षा जवळ होते, एवढाच फरक.

मधला एक रस्ता होता आणि तो महाराष्ट्राने घेतला नाही, याची मला हळहळ वाटते. म्हैसूर संस्थानाने १९४३ साली बंगळूरला श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निक काढले. इतर पॉलिटेक्निकांसारखेच ते, फक्त यंत्रकाम आणि वीजकामाच्या जोडीला छायाचित्रण आणि ध्वनी हेही पदविकेचे विषय. तिथून १९४६ ला बाहेर पडलेला एक मुलगा म्हणजे व्ही. के. मूर्ती. 'प्यासा' आणि 'कागज के फूल' मधला तो उजेड, गुरुदत्तच्या चेहऱ्यावर पडणारा, तो पॉलिटेक्निकच्या पदविकेतून आलेला आहे. त्याच पॉलिटेक्निकमधून १९६२ ला गोविंद निहलानी बाहेर पडले आणि मूर्तींचे सहायक झाले. सत्यदेव दुबे यांनी तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा चित्रपट केला तेव्हा कॅमेरा निहलानींच्या हातात होता. पुढे त्यांच्या 'आक्रोश'ची पटकथा तेंडुलकरांचीच, आणि 'अर्धसत्य' श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरचा. मराठी साहित्याचे पडद्यावर इतके मानाने आगतस्वागत करणारा माणूस कन्नड मुलखातल्या एका तंत्रनिकेतनात शिकलेला होता. मद्रासलाही पॉलिटेक्निकमध्ये असे वर्ग चालत. मुंबईला स्टुडिओ होते, प्रयोगशाळा होत्या, माणसे होती. व्हीजेटीआयसारखी जुनी संस्थाही होती. पण फिटर, टर्नर, वायरमन यांच्या रांगेत कॅमेरामनला उभे करावे असे इथे कोणाला फारसे सुचले नाही. सिनेमा ही एक तर कला, नाही तर चैन. ते काम आहे, ही तिसरी बाजू आपल्या शिक्षणखात्याच्या ध्यानी यायला चाळीस वर्षे गेली.

ती चाळीस वर्षे ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या पोरांनी कशी काढली? त्यांनी स्वतःची शाळा शोधली. ती लग्नात सापडली.

ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला आणि फिल्मच्या हिशेबाला पहिला सुरुंग लागला. तीन तासांची कॅसेट, पुसून पुन्हा वापरता येणारी. फोटो स्टुडिओवाल्यांनी व्हीएचएस कॅमेरे घेतले. नव्वदीत पॅनासॉनिकचा तो खांद्यावर बसणारा एम-नाइन थाउजंड घराघरांतल्या लग्नात दिसू लागला. सोबत वायर सांभाळणारा आणि डोक्यावर हॅलोजन धरणारा एक पोरगा असायचा, घामाने निथळणारा. हा पोरगा म्हणजे त्या शाळेतला पहिलीचा विद्यार्थी. दोन हंगाम दिवा धरायचा, मग कधीतरी बुफेचे शॉट घ्यायला कॅमेरा हातात मिळायचा, आणि विधी घ्यायला मिळाले की पोरगा पास. या शिक्षणाची आपण टर उडवतो. आकाशातून गुलाबाच्या पाकळ्यांसह उतरणारे वधूवर आठवतात ना? पण एक धडा इथे असा मिळे जो पुण्यालाही मिळत नसे. अंतरपाट दूर होतो तो एकदाच. भटजींना पुन्हा मंगलाष्टका म्हणा असे सांगता येत नाही. त्या एका क्षणी फोकस हुकला तर मुलीचा बाप पैसे कापून घेतो. वाया गेलेल्या मालाची किंमत इथे शिकणाऱ्याच्या मजुरीतून वळती व्हायची, आणि म्हणून पोरगा पुढच्या वेळी चुकत नसे. अर्थात त्याला चूक टाळता येई, चूक समजत नसे. आपण कॅमेरा कुठे आणि का ठेवतो हे विचारणारा कोणी त्या मांडवात नव्हता. मग केबल आली, गणपतीच्या मिरवणुका आणि नगरसेवकांचे सत्कार गल्लीच्या वाहिनीवर दिसू लागले, आणि शाळेचा एक वर्ग आणखी वाढला.

विद्यापीठ जागे झाले ते २००० मध्ये. मुंबई विद्यापीठाने बॅचलर ऑफ मास मीडिया म्हणजे बीएमएम हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. तिसऱ्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता यांतले एक निवडायचे. सिनेमा त्यात एका पेपरापुरता. तरीही हा अभ्यासक्रम ठाणे-कल्याणपर्यंत पोहोचला, हे त्याचे खरे कर्तृत्व. जोशी-बेडेकर महाविद्यालयात तो आला, कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयात आला, काही ठिकाणी तो मराठीतूनही शिकता येऊ लागला. सकाळची लोकल पकडून दादर-चर्चगेट न गाठता माध्यमांचे काहीतरी शिकता येते, हे इथल्या आईबापांना पहिल्यांदा कळले. मुलींच्या घरून तर यामुळेच परवानगी मिळे. पुढे फिल्म, टेलिव्हिजन आणि न्यू मीडिया प्रॉडक्शन या नावाचीच बी. ए. पदवी विद्यापीठाने काढली.

दुसऱ्या बाजूने दिल्लीहून कम्युनिटी कॉलेजची कल्पना आली. कल्पना मूळची अमेरिकन, इलिनॉयमधल्या जोलिएट येथे १९०१ साली असे पहिले महाविद्यालय निघाले. गावातल्या मुलाने गावात राहून दोन वर्षे शिकावे, कामाला लागावे, वाटल्यास पुढे विद्यापीठात जावे, अशी ती रचना. आपल्याकडे नव्वदीत पुदुच्चेरी-मद्रासकडे तिचे प्रयोग झाले, आणि २०१३ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने चालू महाविद्यालयांतच कम्युनिटी कॉलेज काढण्याची योजना आणली. पाठोपाठ बी. व्होक. पदवी आली. एक वर्ष करून थांबलात तर पदविका, दोन वर्षांनी प्रगत पदविका, तिसऱ्या वर्षी पदवी. साठ टक्के भाग कौशल्याचा, चाळीस टक्के सर्वसाधारण शिक्षणाचा. कागदावर ही रचना अगदी गज्जरांच्या कलाभवनाच्या जवळ जाते. माध्यमे आणि चित्रपटनिर्मिती हे विषय तिच्यात सहज बसले. पुण्याच्या इन्स्टिट्यूटनेही २०१७ पासून आवाराबाहेर पडून गावोगाव अल्प मुदतीचे वर्ग घ्यायला सुरुवात केली.

आणि याच सुमारास फिल्मच संपली. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड आले. पुण्यात ज्याच्यासाठी सरकारला पैसे मोजावे लागत, कोल्हापुरात ज्याच्यासाठी राबावे लागे, तो वाया जाणारा माल आता फुकट झाला. शंभर वर्षांचा अडसर गेला म्हणायचा. मग खोपटच्या, कोपरीच्या, डोंबिवलीच्या मुलामुलींनी फाळक्यांना मागे टाकायला हवे होते. तसे झालेले दिसत नाही.

कारण काय, याचा विचार करताना मला रशची ती अंधारी खोली आठवते. फिल्म महाग होती म्हणून फसलेला शॉटसुद्धा बघितला जाई. पैसे गेले आहेत, निदान का गेले ते तरी कळू दे, ही त्यामागची वृत्ती. फुकटचा शॉट कोणी बघत नाही. एका प्रसंगाचे चाळीस टेक घेतले जातात, त्यांतला एक संकलनाला जातो, उरलेले एकोणचाळीस कार्डावरच राहतात आणि संध्याकाळी कार्ड कोरे करून दुसऱ्या गटाला दिले जाते. बऱ्याच महाविद्यालयांत साठ मुलांमागे दोन-तीन कॅमेरे असतात. गटात दहा जण, त्यातला कॅमेरा धरतो एक. बाकीचे नऊ जण अहवालाची फाइल बांधतात. शिकवणारे बहुधा तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तास संपला की पुढच्या महाविद्यालयाकडे पळणारे. मुलांचे बिघडलेले काम बसून बघायचा तास वेळापत्रकात नसतो, आणि नसलेल्या तासाचा पगार मिळत नाही. फिटरच्या सरांच्या हातात गुण्या असतो. इथे गुण्या कोणाच्याच हातात नाही. वाया जाणाऱ्या मालाचा खर्च गेला, पण तो माल तपासणाऱ्या माणसाचा खर्च उरला, आणि तो भरायची तयारी अजून कोणी दाखवलेली नाही.

जिथे हे थोडेफार जमले असे एक ठिकाण मला दिसते ते अहमदनगर, आताचे अहिल्यानगर. तिथल्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापनशास्त्राचा विभाग आहे. जिल्ह्याच्या गावचे, शिक्षणसंस्थेचे, चारचौघांसारखे महाविद्यालय. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे मराठीत एम. ए. करून इथे शिकायला आले. तोवर ते कवी होते. 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि नंतर 'फँड्री' (२०१३) आला, 'सैराट' (२०१६) आला. याच विभागात भाऊराव कऱ्हाडे शिकले. त्यांचा 'ख्वाडा' हा मेंढपाळ कुटुंबाची फिरस्ती दाखवणारा चित्रपट बासष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत दोन मान घेऊन आला. त्यांतला एक होता चित्रीकरणाच्या जागीच टिपलेल्या आवाजाचा. मेंढरे, कुत्री, वारा, माणसे यांतून संवाद नेमका उचलणे हे काम स्टुडिओच्या काचेमागे शिकता येत नाही.

या दोघांचे यश विभागाच्या खात्यावर जमा करून टाकणे बरोबर नाही. प्रतिभा विभागात वाटत नाहीत. पण तिथे काय मिळाले असेल, याचा अंदाज चित्रपटांवरूनच येतो. मंजुळ्यांना जब्या आणि त्याचे डुकरामागे धावणे ठाऊक होते, कऱ्हाड्यांना मेंढरांचा वाडा ठाऊक होता. पुण्यामुंबईला त्या ज्ञानाला प्रवेशपरीक्षेत गुण नसतात. जिल्ह्याच्या गावी, आपल्यासारखेच बोलणाऱ्या दहा जणांच्या सोबतीत, ते सांगण्याजोगे आहे असे वाटू लागते. महाविद्यालय घराजवळ असण्याचा हा फायदा भाडे वाचण्यापेक्षा बराच मोठा आहे. कलाभवनात देशी भाषेचा हट्ट धरताना गज्जरांच्या मनात काहीसे असेच असावे.

तरीही हिशेब पुरा होत नाही. कऱ्हाडे यांनी 'ख्वाडा'साठी आपली शेतजमीन विकली. फाळक्यांच्या विमा पॉलिसीपासून इथपर्यंत शंभर वर्षे झाली, कच्ची फिल्म इतिहासजमा झाली, अभ्यासक्रम निघाले, पदविका निघाल्या, आणि मराठी माणसाला पहिला चित्रपट करायला काहीतरी विकावे किंवा गहाण टाकावेच लागते. शिकण्याचा खर्च कमी झाला, करण्याचा झाला नाही. कम्युनिटी कॉलेजच्या कोणत्याही माहितीपत्रकात हे लिहिलेले नसते.

आमच्या भागातली मुले मग काय करतात? पदवी हातात पडली की घोडबंदर रस्त्याला लागतात. तिथे मालिकांचे सेट आहेत, मराठी-हिंदी दोन्ही. सहायक दिग्दर्शकाचा सहायक म्हणून पोरगी उभी राहते, कंटिन्युइटीची वही सांभाळते, नायिकेच्या मंगळसूत्राची वाटी मघाशी उताणी होती की पालथी हे लिहून ठेवते. बारा तासांची पाळी, रोजावर पैसे, मग रात्री खोपटपर्यंत रिक्षा. लाइटदादा तिला दिव्यांची नावे सांगतात, स्पॉटदादा चहा देतात आणि कोणाशी कसे बोलावे ते सांगतात. कोल्हापूरचा कारखाना पुन्हा उभा राहिल्यासारखे वाटते खरे. पण तिथे बाबूराव पेंटर स्वतः पडदा रंगवत असत आणि पोरे बघत असत. इथे एपिसोड रात्री वाहिनीकडे पोहोचायचा असतो, त्यामुळे शिकवायला कोणाला सवड नाही आणि चुकायला कोणाला परवानगी नाही. पॅकअप झाले की एक मुलगा कार्डे गोळा करतो, त्यावरचा ऐवज दोन हार्ड डिस्कवर उतरवतो, ताडून बघतो आणि मग सगळी कार्डे उद्यासाठी कोरी करून डब्यात परत लावून ठेवतो.